पक्ष, साध्य आणि रचना : व्यवसायासाठी दूरजाळ्याची निवड



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी भूमिती शिकलो. फळ्यापाशी प्रमेय सोडवायला उभा राहिलेला मुलगा घाईघाईने आकृतीत रेषा ओढू लागला की सर त्याच्या हातातून खडू काढून घेत आणि विचारीत, "पक्ष लिहिलास? साध्य लिहिलंस? मग ही रचना कशासाठी?" त्या वयात या प्रश्नाचा राग येई. पुढे बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा या टापूत संगणकांची जाळी उभारण्यात माझी तीस वर्षे गेली आणि त्या काळात माझ्या हातून जी एक मोठी चूक झाली, ती पक्ष नीट न लिहिता रचनेला हात घातल्यामुळेच झाली. तिची हकिगत आज मी सांगणार आहे. पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे.

विषय रूक्ष आहे हे मी जाणतो. तथापि या सभागृहात उद्यमबागेतील फौंड्रीवाले आहेत, काजूचे कारखानदार आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा चालविणाऱ्या डॉक्टर भगिनी आहेत. यांपैकी बहुतेकांची मुख्य कचेरी एका गावी आणि शाखा किंवा गोदामे दुसऱ्या गावी आहेत. लग्नकार्यात गाठ पडली की ही मंडळी मला हटकून विचारतात, "कोणती लाईन घेऊ?" जेवणाच्या पंगतीत या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, म्हणून ते आज येथे देण्याचा प्रयत्न करतो.

एका इमारतीतील संगणक एकमेकांना जोडणे सोपे. तार आपली, भिंत आपली आणि बिघाड झाला तर शिडीही आपलीच. दोन गावांतील कचेऱ्या जोडायच्या म्हटल्या की मधला रस्ता, ओढा, रान, सरकारी जमीन यांतले काहीच आपल्या मालकीचे नसते. तेथली वाट दूरसंचार कंपनीकडून भाड्यानेच घ्यावी लागते. अशा दूरवर पसरलेल्या जाळ्याला वाईड एरिया नेटवर्क, संक्षेपाने वॅन, म्हणतात. मी त्याला दूरजाळे म्हणेन. ते निवडणे म्हणजे यंत्र विकत घेणे नव्हे, भाडेकरू होणे होय. आणि शहाणा भाडेकरू घराच्या रंगाआधी पाण्याची वेळ विचारतो.

साध्यावरून रचना कशी ठरते याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशात घडले. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये शेअरांचे व्यवहार सुरू केले, ते पडद्यावरून. दलालांनी एका इमारतीत जमून आरडाओरडा करण्याची पद्धत त्याने ठेवलीच नाही. मग दूरदूरच्या शहरांतील दलाल मुंबईच्या संगणकाला जोडायचे कसे? त्या काळी जमिनीवरच्या भाड्याच्या तारा मिळायला वेळ लागे आणि मिळाल्या तरी त्यांचा भरवसा नसे. बाजाराने उपग्रहाचा मार्ग धरला. दलालाच्या गच्चीवर थाळी बसे आणि तिच्यामार्फत सौदा थेट मुंबईला जाई.

या मार्गात एक उघड दोष आहे, आणि तो शाळेच्या गणिताने सांगता येतो. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. निरोप वर जाऊन खाली येतो, म्हणजे ७२,००० किलोमीटर. त्याचे उत्तर त्याच वाटेने परत येते, म्हणजे एकूण १,४४,००० किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांत जवळजवळ अर्धा सेकंद नुसत्या प्रवासातच जातो आणि कोणतेही यंत्र हा वेळ कमी करू शकत नाही. पण बाजाराचे साध्य होते ते दूरच्या शहरातील दलालाला मुंबईकर दलालाइतकीच जागा मिळावी हे. सौद्याचा निरोप लहानसा. अर्धा सेकंद सर्वांनाच सारखा. दोष होता, पण साध्याच्या आड येत नव्हता. पुढे २०१० च्या सुमारास याच बाजाराने दलालांना त्यांचे संगणक बाजाराच्या यंत्रांशेजारीच ठेवण्याची सोय दिली, कारण तोवर काही दलालांचे सौदे संगणकच करू लागले होते आणि त्यांना सेकंदाचा लाखावा भागही महाग वाटत होता. बाजार तोच, माल तोच; साध्य बदलले आणि रचना उलटीपालटी झाली.

आता आपल्या गावाकडे येऊ. प्रथम पक्ष लिहायचा, म्हणजे आपल्या दोन कचेऱ्यांमधून वाहते काय आणि किती, हे मोजायचे. पतसंस्थेची एक शाखा घ्या. पाच खिडक्या, प्रत्येक खिडकीवर मिनिटाला एक व्यवहार आणि प्रत्येक व्यवहाराला समजा २० किलोबाइट मजकूर. मिनिटाला १०० किलोबाइट, म्हणजे ८०० किलोबिट. साठाने भागले की सेकंदाला सुमारे १३ किलोबिट. दोन मेगाबिटची तार यासाठी घेतली तर तिचा शंभरावा भागही भरत नाही. तरीही शाखाव्यवस्थापक तक्रार करतात की लाईन अपुरी पडते. अशा एका शाखेत मी स्वतः जाऊन बसलो. चार कॅमेरे, प्रत्येकी दोन मेगाबिट, दिवसभर मुख्य कचेरीतील एका पडद्याकडे चित्र पाठवीत होते आणि त्या पडद्यासमोरच्या खुर्चीवर कोणीही बसलेले नव्हते! चित्रण शाखेतच साठविण्याची व्यवस्था केली आणि तक्रार मिटली. मोठी लाईन विकायला आलेला माणूस हे सांगणार नाही. त्याचा तो धर्म नव्हे.

पक्षातली दुसरी बाब अलीकडची आहे. पूर्वी सारे हिशेब मुख्य कचेरीतील संगणकात असत, म्हणून शाखांच्या सर्व तारा तेथे येऊन मिळाव्यात हे योग्यच होते. आज पुष्कळांचे टपाल, हिशेब, पगारपत्रके मुंबई, चेन्नई किंवा हैदराबाद येथील भाड्याच्या संगणकगृहांत असतात. तरीही शाखेची वाहतूक आधी बेळगावच्या कचेरीत आणून मग बाहेर सोडण्याची जुनी रीत चालूच राहते. निपाणीहून कोल्हापूरला जाण्यासाठी आधी बेळगावला यावे, तसा हा प्रकार. आपला मजकूर राहतो कोठे, हे लिहून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रचनेचे पर्याय आता सांगतो. काही ठिकाणी थांबेन, काही ठिकाणी भरभर जाईन.

सर्वांत जुना पर्याय समर्पित तारेचा. दोन कचेऱ्यांमधली वाट केवळ तुमची, दुसऱ्या कोणाचा मजकूर तीत नाही. दोनच ठिकाणे असतील तर याहून निर्मळ काही नाही. पण बारा शाखा झाल्या आणि प्रत्येक शाखा प्रत्येकीला जोडायची म्हटले तर बारा गुणिले अकरा भागिले दोन, म्हणजे सहासष्ट तारा लागतात. हा खर्च कोणालाच झेपत नाही.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे एमपीएलएस. त्याची प्रमाणित रूपरेखा २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. रेल्वेच्या पार्सल-कचेरीत गाठोड्यावर चिठ्ठी लावतात. मधल्या जंक्शनवरचा हमाल गाठोडे उघडत नाही, आतल्या मालाचा पूर्ण पत्ताही वाचत नाही, चिठ्ठी पाहून पुढच्या डब्यात टाकतो. कंपनीच्या जाळ्यात मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला अशीच चिठ्ठी लागते. प्रत्येक शाखेला एकच तार, ती कंपनीच्या जवळच्या केंद्रापर्यंत. पुढे कोणत्याही शाखेत जाण्याची जबाबदारी कंपनीची. शिवाय दूरध्वनीचा आवाज पुढे आणि रात्रीचा साठा मागे, अशी वर्गवारी पैसे देऊन करून घेता येते. मात्र एक गैरसमज मी अनेक संचालक मंडळांच्या बैठकांत दूर केला आहे. या व्यवस्थेत तुमचा मजकूर इतरांच्या मजकुरापासून वेगळा ठेवला जातो, पण तो आपोआप सांकेतिक लिपीत जात नाही. गाठोडे वेगळ्या डब्यात असते. त्याला कुलूप लावलेले नसते. ते हवे असेल तर आपणच लावायचे.

तिसरा पर्याय सार्वजनिक इंटरनेटचा. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सर्वसामान्यांस खुले झाले. शाखेत साधी इंटरनेट-जोडणी घ्यावी आणि दोन शाखांमध्ये सांकेतिक मजकुराचा बोगदा तयार करावा. भाडे पुष्कळ कमी पडते, कुलूप आपोआप लागते, पण मधल्या वाटेची हमी कोणीच देत नाही. या बोगद्याचा एक खोडकर स्वभाव सांगून ठेवतो, कारण त्यापायी लोकांचे आठवडे वाया गेलेले मी पाहिले आहेत. या जाळ्यांत मजकुराचा एक तुकडा बहुधा १,५०० बाइटपेक्षा मोठा चालत नाही. बोगद्याचे वेष्टन त्यात पन्नास-साठ बाइट तरी खाते. यंत्रांची मांडणी करताना ही वजाबाकी विसरली तर लहान तुकडे सुखाने जातात आणि भरलेले तुकडे वाटेत गडप होतात. माणसाला दिसते ते असे : संकेतशब्द टाकला की आत प्रवेश मिळतो, पण मोठा अहवाल उघडायला गेले की पडदा गोठतो. तुमच्या कचेरीत असे होत असेल तर लाईन बदलण्याआधी हा आकडा तपासावा.

चौथा पर्याय आज सर्वांच्या तोंडी आहे, तो एसडी-वॅनचा. प्रत्येक शाखेत एक पेटी बसते. तिला दोन-तीन वेगवेगळ्या जोडण्या दिलेल्या असतात. ती प्रत्येक वाटेवरचा विलंब आणि गळती सतत मोजते आणि कोणता मजकूर कोणत्या वाटेने न्यायचा हे दर क्षणी ठरविते. सर्व पेट्यांना एका ठिकाणाहून आज्ञा देता येते, त्यामुळे बारा शाखांना बारा वेळा माणूस पाठवावा लागत नाही. ही युक्ती खरोखर चांगली आहे आणि मी ती आनंदाने वापरतो. पण विक्रेते तिचे वर्णन अशा भाषेत करतात की पेटी आली म्हणजे तार तुटणे बंदच होणार! पेटी दिलेल्या वाटांतून निवड करते. नवी वाट खणत नाही.

भ्रमणध्वनीचे जाळे आणि उपग्रह यांविषयी थोडक्यात. पहिले लवकर मिळते आणि यात्रेच्या दिवशी मंदावते. उपग्रहाचा विलंब मघाशी सांगितलाच. त्यावरून बोलणारी दोन माणसे एकमेकांचे वाक्य तोडत राहतात. पाचशे-साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहसमूहांनी हा विलंब पुष्कळच कमी केला आहे.

आता माझी चूक.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका बहुराज्य पतसंस्थेने मला सल्ल्यासाठी बोलाविले. तिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. मुख्य कचेरी बेळगावात, शाखा दोन्ही राज्यांत. चंदगड तालुक्यातील शाखेसाठी मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन तारा सुचविल्या. प्रत्येक कंपनी साडेनव्याण्णव टक्के वेळ सेवा देण्याचे वचन देत होती. एकच तार घेतली तर वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सुमारे ४४ तास बंद. दोन घेतल्या तर अर्धा टक्का गुणिले अर्धा टक्का, म्हणजे वर्षाला अवघी तेरा मिनिटे बंद! हा आकडा मी अहवालात ठळक अक्षरांत छापला आणि संचालकांनी दुप्पट भाडे आनंदाने मंजूर केले.

दुसऱ्याच वर्षी, दिवाळीच्या आठवड्यात, दोन्ही तारा एकाच क्षणी गेल्या आणि एकतीस तास आल्या नाहीत. रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम चालू होते. एका मोरीपाशी जेसीबीचा दात लागला आणि केबल तुटली. केबल एकच होती. दुसऱ्या कंपनीने त्या टप्प्यावर स्वतः काही खणलेलेच नव्हते. पहिलीच्या केबलमधले काही प्रकाशतंतू भाड्याने घेतले होते. दोन बिले, दोन करारपत्रे, दोन बोधचिन्हे आणि एकच चर.

मी दुपारी शाखेत पोहोचलो तेव्हा खिडकीपाशी एक शेतकरी उभा होता. पत्नी बेळगावच्या इस्पितळात, शस्त्रक्रियेसाठी चाळीस हजार भरायचे होते, आणि मुदत संपलेली ठेव याच संस्थेत. शिल्लक पडद्यावर दिसल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असा नियम. तो रागावलेला नव्हता. त्याने मला विचारले, "पैसं माझंच न्हवं? मग ते बेळगावात कसं आडकलं?" मला उत्तर देता आले नाही. व्यवस्थापकांनी घरून आणि शेजारच्या दुकानदाराकडून रक्कम उभी करून त्याला वाटेला लावले. पुढे कंपनीकडून करारानुसार भरपाई आली. महिन्याचे भाडे पंधरा हजार. एकतीस तासांचा हिशेब सहाशे सेहेचाळीस रुपये, तेवढे पुढच्या बिलातून वजा झाले. करारातील हमी ही भाड्याची हमी असते, तुमच्या नुकसानीची नव्हे, हे मी त्या दिवसापासून प्रत्येकाला आधीच सांगतो.

दोन संभाव्यतांचा गुणाकार करता येतो तो त्या घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच. हे मला याच शाळेत शिकविले गेले होते. ही स्वतंत्रता मी पक्षात गृहीत धरली, तपासली नाही. माझ्याहून फार मोठी माणसेही या ठिकाणी ठेचाळली आहेत, एवढेच काय ते समाधान. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरच्या दोन मोठ्या केबल तुटल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. मालक वेगळे, नावे वेगळी, पण भूमध्य समुद्रातून तांबड्या समुद्राकडे जाण्याची वाट एकच आणि अरुंद. भारतातून युरोपकडे जाणारी इंटरनेटची वाहतूक कित्येक दिवस कोलमडली होती.

त्या प्रसंगानंतर मी आमच्या टापूतील वाटांचा शोध घेऊ लागलो. आपण सीमाभागात राहतो, त्याचा येथे एक विलक्षण परिणाम होतो. दूरसंचार परवान्यांच्या नकाशात कर्नाटक हे एक क्षेत्र आहे; महाराष्ट्र आणि गोवा मिळून, मुंबई वगळता, दुसरे. चंदगड बेळगावपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, दुचाकीने तासाभराची वाट. पण कागदावर तो परक्षेत्रातला दूरचा पल्ला. साधी इंटरनेट-जोडणी घेतलेल्या एका शाखेतून मजकुराची वाट मी टप्प्याटप्प्याने तपासली तेव्हा तो बेळगावहून बंगळूरला, तेथून मुंबईला आणि मग कोल्हापूरकडून चंदगडास जाताना आढळला. दोनेक हजार किलोमीटरचा हा फेरा. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन सेकंदाचा पन्नासावा भाग. खिडकीवरच्या माणसाला तो जाणवतही नाही. फेऱ्याचा त्रास विलंबाचा नव्हता. चंदगडचा व्यवहार बंगळुरातल्या आणि मुंबईतल्या बिघाडांवरही अवलंबून होता, आणि हे संस्थेत कोणालाच ठाऊक नव्हते.

म्हणून आता मी कंपन्यांना तीन गोष्टी लेखी विचारतो. पहिली, शाखेपासून तुमच्या केंद्रापर्यंत केबल कोणत्या रस्त्याने, कोणत्या पुलावरून जाते, आणि ती तुमची स्वतःची की भाड्याची? नकाशा द्यायला ते नाखूश असतात. दोन महिने पाठपुरावा करावा लागतो. दुसरी, मधल्या केंद्रावर वीज गेली तर बॅटरी किती तास चालते? माझ्या अनुभवात लाईन गेली म्हणून आलेल्या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी पावसाळ्यातल्या विजेच्याच निघाल्या. तिसरी विचारायला लोक विसरतात : पर्यायी म्हणून घेतलेल्या भ्रमणध्वनीचा मनोरा स्वतः कशावर लटकला आहे? मनोऱ्यापासून फोनपर्यंतचा टप्पाच काय तो हवेतला. मनोऱ्याला जाणारी वाहतूक त्याच चरातल्या केबलमधून येत असेल तर जेसीबी दोघांना एकदमच नेतो. लहरींच्या साखळीने जोडलेला मनोरा मिळाला तर तो धरावा, वेग थोडा कमी असला तरी.

त्या पतसंस्थेचे जाळे आम्ही पुन्हा मांडले. या वेळी संचालकांना बसवून आधी साध्य लिहून घेतले आणि तेथे एक गंमत झाली. सतत चालू राहणारी लाईन हे साध्य आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. चर्चेअंती कागदावर उतरले ते वेगळेच : ठेवीदाराला निकडीच्या वेळी आपले पैसे मिळाले पाहिजेत. मग चंदगडच्या शाखेला एक तार आणि लहरींच्या मनोऱ्यावरची एक जोडणी, त्यांवर एसडी-वॅनची पेटी. खानापूरच्या रानातल्या शाखेला केबल एकच मिळत होती, म्हणून तिच्या जोडीला उपग्रहाची थाळी. दोन्ही शाखांचे मिळून भाडे पूर्वीपेक्षा थोडे कमीच आले. थाळीचा दोष असा की ज्या लहरींवर ती चालते त्या मुसळधार पावसात शोषल्या जातात, आणि खानापूरकडचा पाऊस आपणांस ठाऊकच आहे. तेव्हा दोन्ही वाटा एकाच वेळी बंद होण्याचा दिवस येणार, हे लिहूनच ठेवले. त्या दिवसासाठी प्रत्येक शाखेत रोज संध्याकाळी खातेदारांच्या शिलकीची सांकेतिक प्रत उतरवून ठेवली जाते, आणि दोन अधिकाऱ्यांच्या सह्यांनी, रजिस्टरात नोंद करून, ठराविक मर्यादेपर्यंत रक्कम देता येते. इस्पितळाचे कागद दाखविल्यास मर्यादा मोठी आहे.

तसा दिवस त्यानंतर खानापूरच्या शाखेत दोनदा आला, दोन्ही वेळा जुलैत. नोंदी रात्री संगणकावर चढविल्या. पहिल्या खेपेस ताळमेळ लागला. दुसऱ्या खेपेस साठ रुपयांचा फरक आला, तो रोखपालाने घाईत आकडा चुकीचा लिहिल्यामुळे असे तिसऱ्या दिवशी सापडले.

ज्या मंडळींनी आपली करारपत्रे आणि बिले बरोबर आणली असतील, त्यांनी चहाच्या वेळी ग्रंथालयात यावे. आपण ती एकत्र बसून पाहू.